सारवलेलं अंगण

साठ सालच्या सुमारास आम्ही कळंबला भाड्याच्या घरात राहत होतो. रोज सकाळी दूध घालायला येणाऱ्या गवळ्याचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण आमचं बोलणं म्हणजे भांडणच असे. तो सायकल कुंपणाला टेकवायचा, माझ्या भांड्यात थेंबभरही जास्त न पडू देता माप ओतायचा, आणि मग उकिडवा बसून आमच्या नव्या कुत्र्याच्या पिल्लाला स्वतःच्या ओंजळीतून फुकट दूध पाजायचा. त्याची सायकल वळते न वळते तोच पिल्लू घरात येऊन माझ्या ओल्या सारवणावर मुतायचं. मी पुन्हा शेणात हात घालायची.

"तुम्ही पाजून जाता भाऊ, अन् निस्तरावं मले लागते," एकदा मी चिडून म्हटलं.

त्यानं ओंजळ धोतराला पुसली. "बाई, तुम्ही घर सारवता तसंच आंगण सारवता. घर कुठं सरलं अन् आंगण कुठं लागलं, त्याले कसं समजनार?"

वैतागून मी अंगण सारवणं सोडलं. शेजारणी विचारू लागल्या, घरात सुतक आहे का म्हणून.

मग एका सकाळी सायकलची घंटी वाजताच पिल्लू बाहेर धावलं आणि आनंदाच्या भरात गवळ्याच्या पायावरच मुतलं. तो भिजलेल्या पायाकडे कौतुकानं पाहत राहिला.

"पाहा बाई, बाहेर केलं न त्यानं."

मी त्याच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. त्या पिल्लानं भिजवलेलं काहीतरी पहिल्यांदाच मला सारवावं लागणार नव्हतं.