‘नाही’ म्हणायचं बटण

आमच्या साडूंइतका ‘नाही’ ऐकायला आसुसलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. ते अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि माझं संगमनेरात इलेक्ट्रिकचं दुकान. म्हणजे माझे काय हाल होत असतील बघा. एसटीतून उतरले की चहासुद्धा न घेता थेट काउंटरच्या आत. डोअरबेलची बटणं एकेक दाबून बघणार, गिऱ्हाईक बिचारं ताटकळत उभं. “साडूभाऊ, हे पोरांच्या बोटाला जड जातंय. हलकं दाखवा.” दाखवतो बापडा. साडूला नाही म्हणण्याची माझी कुठली छाती!

ही बटणं ते साबणाच्या रिकाम्या डब्यांत बसवतात. प्रत्येक मुलाला एक डबा. सरांनी विचारायचं, “समजलं का?” समजलं असेल तर एक बटण, नसेल तर दुसरं. सरांच्या जुन्या लॅपटॉपवर हिरवे-लाल ठिपके उमटतात, नाव मात्र कुणाचंच दिसत नाही. बाजारातली असली यंत्रं त्या शाळेला कुठून परवडणार? म्हणून ह्यांनी स्वतःच जुळवलं, आणि वर आकृती, प्रोग्रॅम, सगळं इंटरनेटवर फुकट टाकून मोकळे झाले. अहो, निदान आपलं नाव लावून विका तरी, मी म्हटलं. तर म्हणे, “कुनीबी बनवावं. काही सुधारलं तर मला तेवढं कळवावं, बास.”

हे वेड लागलं मुलापायी. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. साडू फोनवर विचारायचे, “जमतंय ना?” तिकडून ठरलेलं, “हो बाबा.” आणि एक दिवस पोरगं गादी गुंडाळून घरी आलं. पहिल्यापासून काहीच कळत नव्हतं म्हणे. साडू रागावले नाहीत. मला एवढंच म्हणाले, “माझ्या वर्गातबी हेच हुतं हो. समजलं का विचारलं की सगळी एका सुरात ‘हो सर’. किती पोरं मी अशीच पुढं ढकलली, देव जाणे.” फार वाईट वाटलं मला.

डब्यांची पहिली चाचणी घरीच झाली. पंगतीत सगळ्यांना डबे वाटले आणि प्रश्न टाकला, आमटी चांगली झालीय का? लॅपटॉपचा पडदा लालभडक! मेहुणीबाई कडाडल्या, “मग इतकी वर्षं मिटक्या मारत होतात ते काय होतं?” आम्ही ताटात माना घातल्या. साडू मात्र गंभीर. “बघा, घरातबी कुनी खरं बोलत न्हाई.”

वर्गात उलटंच झालं. पहिल्या दिवशी सगळे ठिपके हिरवे. मागाहून कळलं, सरांना वाईट वाटू नये म्हणून पोरं पहिल्या बाकावरच्या मॉनिटरचं बोट बघून बटण दाबत होती. मग ह्यांनी डबे दप्तरात ठेवायला लावले; आत हात घालून दाबायचं. आणि ज्या विजेच्या धड्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही, त्याच धड्याला पडदा लालेलाल झाला. साडू उठले, फळा पुसला आणि धडा पुन्हा शिकवायला घेतला.

मुलगा आता सुप्याला कारखान्यात लागलाय. परवा साडू दुकानात असतानाच त्याचा फोन आला. ह्यांनी सवयीने विचारलं, “जमतंय ना?” पलीकडून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं, “नाही बाबा. नवं मशीन अजिबात कळत नाही. सारखं विचारायची लाज वाटते.”

साडू स्टूल ओढून बसले. डोळे भरून आले होते. गिऱ्हाईक काही विचारणार, तेवढ्यात मी त्याला हातानेच थांबवलं.

“सांग बाळा,” साडू म्हणाले, “कुठं अडलंय? मला काय घाई न्हाई.”