बूस्टरच्या पोटातला टिळा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शेठने मला तपासनीस म्हणून घेतलं, ते कागदावर एक इंजिनियर दिसावी म्हणून. सही करायची आणि गप्प बसायचं, एवढीच अपेक्षा. पहिलं मला जमायचं, दुसरं कधीच नाही.

आमच्याकडे रॉकेटच्या बूस्टरचे पोलादी नळ यायचे. उड्डाणाच्या वेळी रॉकेटला जोर देतो तो बूस्टर; त्यात घन इंधन भरतात. एकेक तुकडा एवढा मोठा, की माणूस वाकून आत शिरेल. आम्ही त्याला आतून रबराचं अस्तर चिकटवायचो. आत आग भडकते तेव्हा पोलाद वाचतं ते या अस्तरामुळे. ते नखाएवढं जरी सुटलं तरी ज्वाळा मागे शिरते आणि नळ फोडते. म्हणून आधी पोलाद वाळूच्या माऱ्याने खरवडायचं आणि मग त्याला उघडा हात लावायचा नाही. साधा घामसुद्धा चालत नाही; त्यावर अस्तर धरत नाही.

आणि खंडेनवमीला आमच्या फोरमनकाकांनी नेमका तिथेच टिळा लावला.

काका बदलापूरजवळच्या गावातले, शेतकरी घरातले, शेडमध्ये सगळ्यांत जुने. यंत्रांची पूजा दरवर्षी तेच करायचे. आमच्या घरी बुद्धवंदना असते, पूजा नाही; त्यामुळे त्या दिवशी मी पेढा खाते आणि लवकर घरी जाते. दसरा उलटल्यावर कामावर आले तर नव्या खरवडलेल्या नळाचं प्लास्टिक वर सरकवलेलं, आणि आतल्या भिंतीवर हळदकुंकवाची पाच बोटं. समईच्या तेलात कालवलेली.

शेठ उल्हासनगरचा सिंधी, मराठी बोलताना निम्मं हिंदी. "अरे मॅडम, थिनर मारा, पुसा, खतम! परसों ट्रक येणार आहे."

पुसलं. रंग गेला. फॉर्म माझ्यासमोर आला.

"नाही करणार सही," मी म्हणाले. "परत खरवडायला लागेल."

"पूजा खुपते का तुम्हाला?" शेठने विचारलं.

पाठीमागे हे बोललं जायचं, ते मला माहीत होतं. तोंडावर पहिल्यांदाच आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"शेठ, टिळा देवाचा असेल. तेल तर दुकानातलंच आहे ना?"

"मी सांगतो, साफ आहे. साइन करा, नाहीतर कल से मत आना."

घरात पगार आणणारी मी एकटी. हे शेठला ठाऊक होतं, म्हणूनच तो तसं बोलला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग आला.

टेबलावर शुद्ध पाण्याची बाटली होती. स्वच्छ पोलादावरून पाणी सलग ओघळतं. तेलकट जागा ते सोडून देतं. मात्र ताज्या खरवडलेल्या पोलादाला पाणी लागलं की बघता बघता गंज धरतो, म्हणजे मग ते परत खरवडावंच लागतं. हे शेठला माहीत होतं आणि मलाही. मी हातमोजे चढवले, नळात शिरले आणि बाटली रिकामी केली.

"पागल हो गयी है क्या?" शेठ ओरडला.

पाणी भिंतीवरून सरसर उतरलं आणि एका जागी फाटलं. पुसलेल्या टिळ्याची पाचही बोटं कोरडी राहिली.

काका वाकून आत बघत होते. मग शेठकडे वळले. "ही बोटं माझी हायेत शेठ. कागदावर माझं नाव लिवा. पोरीला कशाला बोलताय?" आणि नळ परत वाळूच्या माऱ्याला न्यायला क्रेनची साखळी त्यांनी स्वतः ओढली.

फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. शेठ म्हणाला, "धूळ लिहा." मी लिहिलं: पूजेचं तेल, हळद, कुंकू. खाली काकांनी सही केली. मला कामावरून काढायचं राहूनच गेलं. ट्रक का थांबवला हे नळ पाठवणाऱ्या कंपनीला सांगायला शेठला माझाच कागद लागणार होता. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते तीन दिवस माझे फार सुखात गेले.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. "काका, बाहेरून लावायचा ना टिळा. आत कशाला?"

"आग आतच पेटनार ना, पोरी," ते म्हणाले. "बाहेरून लावून काय उपेग?"

ज्या भीतीने मी बाटली ओतली, त्याच भीतीने त्यांनी बोटं टेकवली होती. उगाच मी सकाळभर त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते.

"मंग आता आतलं कोन बघनार?"

"मी," मी म्हणाले. "खरवडून आणा. इंच न् इंच बघते, मगच सही."

त्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढली, पेटते का ते पाहिलं आणि माझ्या हातात दिली.

"नीट बघ," ते म्हणाले.