फाट्यावरच्या जपानी शेवया

दिल्लीत महात्म्याचा खून झाला आणि मारणारा आमच्या जातीचा निघाला, तेव्हा मी साताऱ्यात होतो आणि आई-वडील सांगलीला. औषधांच्या फिरतीसाठी लष्करी लिलावात घेतलेली मोटरसायकल होती. तिच्यावरून घर गाठायचं ठरवलं. वाटेतल्या गावांत ब्राह्मणांची घरं पेटत होती. मी जानवं काढून औषधांच्या पिशवीत तळाला कोंबलं, खाकी सदरा चढवला, आणि एवढ्यावर आपण ओळखू येणार नाही अशी समजूत करून घेतली. मोठा शहाणा!

इस्लामपूरच्या अलीकडे एका फाट्यावर पाच-सहा जणांनी हात आडवे केले. कुणाकडे कुऱ्हाड, कुणाकडे रॉकेलचा डबा. गाडी वळवली असती तर संशय आला असता. थांबलो. त्यांना आधी गाडीच बघायची होती.

"मिल्ट्रीची हाय व्हय? लय भारी गड्या," म्हणत एकानं हॉर्न वाजवून पाहिला. मीही हसलो.

फाट्यावर जपानहून परतलेल्या एका शिपायाचं छपराचं हॉटेल होतं. त्याची पलटण जिथे होती तिथली चाल म्हणून तो उकडलेल्या शेवया मोठ्या तव्यावर कोबी आणि सुकट घालून परतायचा, वर अंडं फोडायचा. त्या सगळ्यांना जपानी शेवया खायच्या होत्या.

"तूबी बस की," मला म्हणाले. बसलो. नाही म्हणायची छाती कुणाची होती?

थाळी पुढे आली. सुकटीच्या वासानं मळमळलं. जन्मात अंड्याला शिवलो नव्हतो, पण जीव वाचणार असेल तर त्या दिवशी मी कोंबडी पिसांसकट खाल्ली असती. तोंड वाकडं होऊ नये इकडेच सगळं लक्ष. आणि हातानं घात केला. मुंजीपासूनची सवय, तांब्यातलं पाणी तळव्यावर घेऊन मी ते ताटाभोवती फिरवलंसुद्धा.

समोरच्याचा घास थांबला. "ह्ये काय रं केलंस?"

बाकावर थाळीभोवती पाण्याचं कडं तसंच होतं. आता मेलो, एवढंच कळलं.

"जपानी रीत हाय ती," शिपाई तव्यामागून ओरडला. "ह्योबी तिकडंच व्हता, पलटणीत. पानी फिरवल्याबिगर तिकडं कोन शेवयांना हात लावत न्हाई." त्यानं स्वतःची थाळी आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि तिच्याभोवती पाणी फिरवून दाखवलं.

मग कुऱ्हाडी बाकाला टेकवून बसलेल्या त्या माणसांनी एकेक करून आपापल्या ताटाभोवती पाणी फिरवलं. एकानं उलटं फिरवलं, त्याला बाकीचे हसले. मी अंडं गिळलं, सुकट गिळली, काहीच सोडलं नाही.

खाऊन ते उठले आणि रॉकेलचा डबा घेऊन पांदीच्या वाटेनं निघून गेले. शिपायानं माझी थाळी उचलली.

"फुडं कुटं जेवाया थांबू नगा," तो हळूच म्हणाला. "तुमचा हात ऐकत न्हाई."

आभार मानायला हवे होते. मी गाडीला किक मारली. मी कोण ते आता त्याला ठाऊक होतं, आणि ते लोक परत आले तर तो काय सांगेल ते मला ठाऊक नव्हतं. ज्यानं मला वाचवलं, त्या घटकेला सगळ्यांत जास्त भीती मला त्याचीच वाटत होती.