दाजींची मिशी

आमच्याकडे वयस्क माणसाची मिशी अचानक गेलेली दिसली की बघणारा आधी विचारतो, "कोण गेलं?" आई-बाप किंवा भावकीतलं वडीलधारं माणूस गेलं तरच मिशी उतरवायची, अशी रीत. पुण्याला कामाला जाणारी पोरं आता हौसेनं गुळगुळीत फिरतात, पण आमच्या कामथडीत साठीच्या पुढच्याला ही सवलत अजून मिळालेली नाही. दाजी तर त्रेसष्टचे.

नाव कुंडलिक. पण ते गावचे जावई, म्हणून सगळा गाव दाजीच म्हणतो. मूळचे वेल्ह्याच्या पलीकडच्या डोंगरातले. भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, आणि सासरच्या गावीच घर बांधून राहिले. बायको सुलक्षणा तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. तेराव्यापर्यंत घरात माणूस मावत नव्हतं, चौदाव्या दिवशी कुत्रंही फिरकलं नाही. यात मीही आलो. मी चार घरं सोडून राहतो, आणि खोटं कशाला बोलू, तीन वर्षांत एकदाही त्यांचा उंबरा चढलो नव्हतो.

दाजींनीही स्वतःला सोडून दिलं. डेपोत ग्रीसमध्ये राबणारा हा माणूस पूर्वी सुटीच्या दिवशी पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या शर्टात फिरायचा. आता एकच शर्ट आठ-आठ दिवस अंगावर, दाढी छातीला टेकलेली, नखं वाढलेली. बाया पोरांना सांगायच्या, तिकडून जाऊ नका. मी पोर नव्हतो, तरी लांबून दिसले की रस्ता बदलायचो.

गेल्या उन्हाळ्यात गोरखच्या लेकीचं लग्न नसरापूरच्या कार्यालयात होतं. गोरख सुलक्षणाचा चुलतभाऊ. पत्रिका देताना तो म्हणाला, "दाजी, या बरं का." देणारा विसरून गेला, घेणाऱ्यानं मनावर घेतलं. दाजींनी शर्ट धुऊन इस्त्री केली. लग्नाच्या सकाळी दाढी उतरवली आणि मिशी कोरायला घेतली. तीन वर्षांत हाताची सवय मोडली होती. डावीकडे जरा जास्त गेली म्हणून उजवीकडे, उजवीकडे गेली म्हणून पुन्हा डावीकडे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! शेवटी सगळीच काढावी लागली.

वऱ्हाडाच्या टेम्पोपाशी शेजारच्या अंबूबाईनं त्यांना बघितलं आणि तोंडावर पदर धरला. "अगं बया! दाजी, कोण गेलं वो?"

खरं सांगावं तर अख्खा टेम्पो हसला असता. दाजी बोलून गेले, "चुलती."

झालं. सुतकातला माणूस लग्नाला कसा जाणार? दाजी इस्त्रीच्या शर्टात घरी परतले.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भाकरी जाते. लग्नाहून आल्या आल्या अंबूबाईनं पिठलं-भाकरी पोचवली. मागोमाग आम्ही आठ-दहा जण जाऊन बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाचा चेहरा धड दिसला. दाजी डेपोतल्या गोष्टी सांगू लागले, आणि एकदा तर हसलेसुद्धा. सुतकात इतकं बोलणारा माणूस मी बघितला नव्हता. तीन दिवस हेच चाललं.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, "दाजी, दहाव्याला आमी पंधराजण तुमच्या गावाला येतो. टेम्पो सांगितलाय."

दाजींचा चेहरा उतरला. सगळे उठून गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "सोपानराव, कुणी गेलं न्हाई. चुलती जाऊन बारा वर्सं झाली."

माझं डोकंच फिरलं. "मेलेल्या म्हातारीला दुसऱ्यांदा मारलीत? लाज न्हाई वाटली?"

"वाटली. रोज वाटती. पर भाकरी गरम असती वो. आन माणसं बसत्यात."

"मग आधी हाक मारायची! तुमचा अवतार बघून आमाला वाटलं, तुमाला माणूसच नको झालंय."

"आन मला वाटायचं," दाजी म्हणाले, "कुणी येतच न्हाई, तर दाढी करायची कुणासाठी?"

घरी आलो तो स्वतःवर चिडूनच. एवढ्याशा गोष्टीत आम्ही एका माणसाची तीन वर्षं घालवली होती.

दहावा भावकीतल्या भावकीतच आहे, असं मी गावात सांगून टाकलं. मीही खोटं बोललो. त्या खोट्यावर दहा दिवस भाकरी गेली, माणसं बसली. अकराव्या दिवशी कोणी गेलं नाही. बाराव्यालाही नाही. मीही नाही, भाताची रोपं टाकायची घाई होती, म्हणजे तशी मी मनाची समजूत घातली होती.

पंधरा दिवसांनी त्यांच्या घरावरून जात होतो. वाटलं, पुन्हा वाढवली असेल दाढी. दाजी ओट्यावर बसले होते. दाढी ताजी केलेली, शर्टाला इस्त्री, केस तेल लावून विंचरलेले, ओठांवर पांढरी खुंटं.

"कुठं निघालात, दाजी?"

"कुठं न्हाई."

"मग कोण येणार हाय?"

"कुणीबी न्हाई." त्यांनी कॉलर सारखी केली. "रोज बसतो असा. वाटंनं जाणाऱ्याला वाटाया नको, का हितल्याला माणूस नको हाय."

मी वाटेवरच उभा होतो. चपला काढल्या आणि ओटा चढलो.