परवलीचा शब्द सांगा, मगच आत या

ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी कुणालाच आत सोडत नाही... नोकरीच तशी आहे. सरकारी कारखान्यांवर पहारा देणाऱ्या केंद्राच्या निमलष्करी दलात मी चौदा वर्षं काढलीत. भूतखेत, चमत्कार वगैरे मंडळी माझ्याकडे आली असती, तर गेटवरूनच परत गेली असती. तरीही हे लिहितोय.

सध्या पोस्टिंग तुर्भ्याला, घर उलव्यात — तिसरा मजला, वन बीएचके. घरात मी, बायको सुनीता आणि माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा याच दलातून हवालदार म्हणून रिटायर झाले. दोन वर्षांपासून त्यांना विसरण्याचा आजार आहे. सुनीताला 'बाई' म्हणून जेवायला मागतात, पण मला ओळखतच नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

संध्याकाळी मी बेल वाजवली की अण्णा सेफ्टी चेन न काढता फटीतून दरडावायचे, "थम! कौन आता है?"

"दोस्त."

"परवलीचा शब्द?"

आमच्या दलात रोज संध्याकाळी हजेरीला त्या रात्रीचा शब्द सांगतात. अंधारात येणाऱ्याने तो सांगितला तरच पहारेकरी त्याला पुढे येऊ देतो. घरच्यांनाही तो सांगायचा नसतो. म्हणून मी दारात काहीही ठोकून द्यायचो — भेंडी, बटाटा... "चूक!" म्हणून अण्णा दार लोटायचे. मग सुनीता हसत यायची. "अवो अण्णा, घ्या की त्यास्नी आत. दूध आणलंय त्यांनी."

एकदा दमून आलो होतो. तोंडातून त्या दिवशीचा खराच शब्द निसटला — "पळस". लगेच चेन निघाली आणि अण्णांनी कडक सॅल्यूट ठोकला.

योगायोग, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी मुद्दाम आधी तीन खोटे शब्द सांगितले. चूक, चूक, चूक. खरा सांगितला, दार उघडलं. पुढचे पंधरा दिवस हेच. अण्णांकडे मोबाइल नाही, ते खाली उतरत नाहीत, आणि साहेब हजेरीला उभं राहून मनात येईल तो शब्द देतात. (इथले शब्द मी बदललेत. एक सोडून.)

मग एका संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "आज का शब्द तुम बताओ."

"गुंड्या," मी म्हणालो. अख्खी रांग हसली.

"मतलब?"

"गाँव का नाम है, सर."

चक्क खोटं बोललो. गुंड्या म्हणजे मी. लहानपणी अण्णा मला याच नावाने हाक मारायचे. ठरवलं, आज दारात आपण काही बोलायचं नाही.

"थम! कौन आता है?"

"दोस्त."

"परवलीचा शब्द?"

मी गप्प. अण्णा फटीतून बघत राहिले.

"गुंड्या?" चेन निघाली. "आरं, भाईर का हुबा? बुटं काढ, जेवून घे."

जेवताना त्यांनी आपली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली. सुनीता पदराने डोळे पुसत होती, मी तर उघड उघड रडलो.

दुसऱ्या दिवशी शब्द वेगळा होता. अण्णांनी पुन्हा परवलीचा शब्द मागितला, मी त्या दिवशीचा दिला, दार उघडलं. त्यांना तो कसा कळतो, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला ओळखलं, की फक्त शब्द... तेही माहीत नाही. चौकशी करणं माझं कामच आहे, पण ही चौकशी मी करणार नाही. मी सुखात आहे.

फक्त, रोज शब्द सांगण्याआधी दारात थोडा वेळ गप्प उभा राहतो.