मसाजी आणि मोटरीचा शाफ्ट

हट्टा गावाच्या आसपास आठ-दहा कोसांत मोटर एकच होती आणि ती चालवणारा मसाजीही एकच. मोटर व्यंकटराव देशमुखांची. मसाजी धनगराचा. बापानं त्याला मेंढरांमागं धाडलं होतं, पण सोळाव्या वर्षी तो पळाला आणि हिंगोलीच्या सर्व्हिस मोटरीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागला. पाच वर्षं टपावर गाठोडी बांधली, हँडल मारलं, पाणी ओतलं, शिव्या खाल्ल्या आणि त्यातच मोटर हाकायला शिकला. व्यंकटरावांनी हैदराबादेहून जुनी विलायती मोटर आणली, तेव्हा त्यांना गावातलाच ड्रायव्हर आयता मिळाला. मसाजीला वाटलं, आपलं भलं झालं. पण मोटर कशी चालवायची हे व्यंकटरावांना त्याच्याहून जास्त कळत होतं, निदान त्यांचा तसा समज होता.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं तिसरं-चौथं वर्ष असेल. माघातल्या एका सोमवारी दोघं बसमतहून परतत होते. नाल्यापाशी येताच मसाजीनं मोटर हळू केली.

"मालक, वाळू लई हाय. वरच्या वाटेनं जाऊ. जरा फेरा पडंल, पण..."

"मला वाट शिकवून राहिला का? घाल नाल्यात."

मसाजीनं घातली. मधोमध मागची चाकं वाळूत बसली. उतरून वाळू काढावी, चाकांखाली पळसाचे डहाळे टाकावेत, म्हणजे निघाली असती. पण मागून व्यंकटराव ओरडू लागले, "रेस दे! आणखी दे!" मसाजीनं दिली. पायाखाली ऐरणीवर घण पडावा तसा आवाज झाला. इंजिन गर्जत राहिलं आणि चाकं जागच्या जागी.

मसाजी वाळूत पालथा झाला आणि त्यानं खाली डोकावून बघितलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा, शाफ्ट, मागच्या टोकाला लोंबकळत होता. त्याचा जॉइंट फुटला होता.

"मोडली?" व्यंकटराव वरून म्हणाले.

"व्हय, मालक."

"तूच मोडलीस. आता तूच नीट कर. पुढल्या बुधवारी आमच्या शालूला बघायला पाहुणे येऊन राहिले. ठेसनावरून त्यायला मोटरीतनंच आणायचं, मी बोलून बसलोय. अन् तवर ही मोडकी माझ्या दारात दिसू नये. तुझ्या घरी ने."

मसाजी बैल बघायला गावाकडं चालू लागला. 

दोन बैलजोड्यांनी मोटर ओढत आणली. मसाजीच्या घरी सपाट जागा म्हणजे मेंढरांचा वाडगा. त्याची बायको चांगुणाबाई दारातच उभी होती.

"मेंढरं कुठं कोंडू? तुमच्या डोक्यावर?"

"आठ दिवस तुझ्या भावाकडं ने."

"काहून? देशमुखाला एवढी मोठी गढी हाय, तिथं जागा न्हाई का?"

 चांगुणाबाईनं चाळीस मेंढरं हाकून नेली, आणि पुढं दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

मसाजीनं मोटर पहारीनं उचलून चारी बाजूंना बाभळीचे ओंडके लावले आणि तो खाली सरकला. जागा इतकी कमी की हातोडा उगारायला मिळेना. पाठीखाली लेंड्या, वरून ऑईल डोळ्यांत, आणि वाडग्यातल्या गोचिडांना मेंढरं गेल्यावर हा एकटाच उरलेला. कानामागं, काखेत, जिथं हात पोचणार नाही तिथं त्या चावायच्या. शाफ्टाच्या मागच्या टोकाला चार बोल्ट होते. तीन निघाले. चौथा गंजून एक झाला होता. त्यानं रॉकेल सोडलं, करडईचं तेल सोडलं, खुरप्यावर निखारे धरून तापवलं. मग दोन्ही पाय चाकाला लावून जोर केला, तेव्हा पान्हा सटकला, बोल्टाचं डोकं गुळगुळीत झालं आणि मसाजीची बोटं लोखंडावर सोलली गेली.

तो तसाच पडून राहिला. मोटरीच्या पोटाकडं बघत त्यानं व्यंकटरावांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. मोठ्यानं.

"कुणी आईकंल," चांगुणाबाई आतून म्हणाली.

"आईकू दे!"

बुधवारी दुपारी छिन्नीनं बोल्ट तुटला आणि शाफ्ट खाली आला, तोही मसाजीच्या छातीवर. उजेडात नेऊन त्यानं फुटलेला जॉइंट उघडला. त्याच्या मधोमध चार पायांचा पोलादी क्रॉस असतो आणि प्रत्येक पायाभोवती सुयांसारखे बारीक रोळ. त्या रोळांचा भुगा झाला होता, लालभडक, कुंकवाच्या पुडीतून सांडावा तसा. एरवी हैदराबादेहून नवा माल मागवता आला असता. पण लढाईमुळं चाकातली साधी ट्यूब मिळेना, तिथं विलायती जॉइंट कुठून यायचा?

हिंगोलीच्या जिनिंगमध्ये उत्तमसिंग नावाचा फिटर होता. त्याच्याकडं लेथ होती. सर्व्हिस मोटरीच्या दिवसांतली त्याची ओळख होती. एवढा जड शाफ्ट कोण नेणार म्हणून मसाजीनं तो मधल्या सरकत्या जोडावर ओढून त्याचे दोन भाग केले, पुढचा भाग घरी ठेवला आणि फुटलेलं टोक घोंगड्यात बांधून डोक्यावर घेतलं. गुरुवारी बसमतला चालत जाऊन त्यानं हिंगोलीची गाडी धरली.

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग, हवेत सगळा कापूस. उत्तमसिंगानं टोक हातात घेऊन फिरवलं आणि तो हसला.

"मसाजी, ये तो खतम है. देशमुख को बोल, बैल जोत ले."

"मजाक नको, सिंगजी. बुधवारी पाहुणे येऊन राहिले. माझी नोकरी जाईल."

"अभी जिन बंद पड़ा तो मेरी जाएगी. बैठ."

मसाजी बसला. गुरुवारचा उरलेला दिवस बसला, शुक्रवार बसला. दर घटकेला आत डोकावून बघायचा. उत्तमसिंग कुठल्या ना कुठल्या यंत्रात डोकं घालून असायचा. शनिवारी सकाळी मसाजी चिडून टोक उचलून निघालाच होता, तेव्हा उत्तमसिंगानं बोलावलं. क्रॉसचे झिजलेले पाय त्यानं घासून गोल केले आणि रोळांच्या जागी बसतील असे पितळी बुश, म्हणजे छोट्या नळ्या, लेथवर कातून दिले, तेलाला भोकं पाडून. काम बघण्यासारखं होतं. मसाजीचा दोन दिवसांचा राग निम्मा उतरला.

"रोज तेल देना," उत्तमसिंग म्हणाला. "भूला तो फिर यहीं बैठेगा."

रविवारी मसाजीनं शाफ्टाचे दोन्ही भाग एकमेकांत सरकवले, लोहाराकडून घडवून आणलेला चौथा बोल्ट लावला आणि मोटर ओंडक्यांवरून उतरवली. हँडल मारलं. पहिला गिअर ठीक, दुसरा ठीक. गावाबाहेर येऊन तिसरा टाकला आणि मोटर अंगात आल्यागत थरथरू लागली. दारं खडखडली, स्टिअरिंग हातात ठरेना. हळू केली की शांत, वेग दिला की पुन्हा तेच.

"उत्तमसिंगा!" तो दात खाऊन म्हणाला. "दोन दिवस बसवून हे दिलंस?"

पुन्हा ओंडके, पुन्हा लेंड्या, पुन्हा चार बोल्ट. बुश काढून बघितले. हलत नव्हते. शाफ्ट वाकला म्हणावं तर जमिनीवर लोळवून बघितला, सरळ लोळला. पुन्हा बसवला. सोमवारी पुन्हा तीच थरथर, उलट जास्तच. सोमवारी दुपारी व्यंकटराव स्वतः आले. वाडग्याच्या दाराशी नाकाला उपरणं लावून उभे राहिले.

"झाली का?"

"चालती, मालक. पण थरथरती."

"म्हणजे झाली न्हाई."

"न्हाई."

"मसाजी, पाहुण्यांपुढं माझी शोभा करू नको. सांगून ठेवतो." आणि ते गेले. नाल्यात घाल कोण म्हणालं होतं, हे विचारायला मसाजीनं तोंड उघडलं, तोवर त्यांची पाठ दिसत होती.

मंगळवारी त्यानं शाफ्ट तिसऱ्यांदा उतरवला. हात सुजले होते. परत बसवताना एकट्यानं धरवेना म्हणून त्यानं चांगुणाबाईला हाक मारली. ती पदर खोचून वाकली आणि मागचं टोक तिनं दोन्ही हातांत पेललं. जॉइंटाला दोन कानांसारखी टोकं असतात, त्यांत क्रॉस बसतो.

"हे कान उभे धरू का आडवे?" तिनं विचारलं.

"कसेबी धर! तेवढं वर धर."

"कसेबी कसे? तुमच्याकडचे तर उभे हायत. हितले आडवे."

"तुला काय कळतं त्यातलं? वर धर म्हणलं ना!"

तिनं धरलं. मसाजीनं एक बोल्ट लावला, दुसरा हातात घेतला आणि थांबला. त्यानं पुढच्या टोकाकडं बघितलं. कान उभे. मागच्या टोकाकडं बघितलं. आडवे.

"सोड," तो म्हणाला. "खाली ठेव."

त्यानं शाफ्ट वाडग्याच्या मधोमध आणला, रॉकेलचं फडकं घेतलं आणि मधल्या जोडावरची वर्षानुवर्षांचा काळा चिकट थर खरवडून काढला. खाली लोखंडात कोरलेला एक बारीक बाण दिसला. दुसऱ्या भागावर खरवडलं, तिथंही एक बाण. दोन बाण समोरासमोर यायला हवे होते, तरच दोन्ही टोकांचे कान सारखे बसतात. ते एकमेकांपासून पाव फेरा सरकून बसले होते. हिंगोलीला न्यायला म्हणून त्यानं शाफ्ट ओढून वेगळा केला, तेव्हा खडूची एक रेघ मारायची अक्कल त्याला झाली नव्हती. परत जोडताना एक टोक फिरलं होतं, एवढंच. ती थरथर, ते तीन दिवस, उत्तमसिंगाला घातलेल्या शिव्या, सगळं त्यापायी.

 मसाजीनं हातातलं फडकं भिंतीवर फेकून मारलं.

"आता काय झालं?" चांगुणाबाई म्हणाली.

"काय न्हाई. तू बराबर बोललीस."

"मंग फडकं काहून फेकलं?"

 मसाजीनं बाण समोरासमोर आणले, शाफ्ट बसवला, बुशांना तेल दिलं. दिवस मावळायच्या आत तिसऱ्या गिअरात टाकून बघितली. शंभर-दीडशे पावलंच, कारण पेट्रोल मोजकं होतं. पण मोटर लोण्यासारखी गेली.

बुधवारी सकाळी मोटर धुऊन पुसून तो बसमतच्या ठेसनावर उभा राहिला. व्यंकटराव सोबत होते, आणि विश्वास नव्हता म्हणून बैलांची दमणीही त्यांनी आणली होती. गाडी आली. मुलाचे वडील, मामा आणि आणखी दोघं उतरले. व्यंकटराव हात पसरून म्हणाले, "चला, बसा. आपली मोटर."

मुलाच्या वडिलांनी मोटरीकडं बघितलं आणि दोन पावलं मागं झाले. "नको, देशमुख. मला पेट्रोलचा वास सोसत न्हाई. पोटात ढवळतं. दमणीच बरी."

"मग आमीबी दमणीत," मामा म्हणाले.

व्यंकटरावांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. ते मसाजीकडं वळले. "तू मागून मागून ये. पुढं जाऊ नको, पाहुण्यांवर धूळ उडंल. गावात शिरताना मात्र मोटर दिसली पाहिजे."

बसमत ते हट्टा मसाजी रिकामी मोटर घेऊन बैलांच्या मागं आला. पहिला गिअर, मग थांबायचं, मग पुन्हा पहिला गिअर. दोनदा पाणी उकळलं. नाल्याला वळसा घालून वरच्या वाटेनं जाऊ, असं दमणीतून व्यंकटराव स्वतः म्हणाले, तेव्हा मसाजीनं स्टिअरिंग इतकं आवळलं की सोललेली बोटं पुन्हा रक्ताळली.

शालूबाईचं जमलं. गढीत जेवणं झाली. मोटरीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मसाजीनं कुणाला न विचारता मोटर काढली. गावाबाहेर सरळ रस्त्याला लागला, तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबत गेला. दोन्ही बाजूंची ज्वारी सरसर मागं पळाली. दारं गप्प, स्टिअरिंग गप्प, खालून शाफ्टाची एकसारखी गुणगुण. तीन मैल गेला आणि तीन मैल आला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

गढीच्या दारात व्यंकटराव उभे होते.

"कुणाला विचारून पेट्रोल जाळलं?"

"शाफ्ट बघत होतो, मालक. बराबर बसला का म्हणून."

"मग काल दिवसभर काय बघत होतास?"

 मसाजीनं बादली उचलली आणि तो आडाकडं गेला.