अर्धा पदर कोणी नेसते का?

समूहातील सभासदहो,

आज सकाळी आपल्या नाशिकच्या संग्रहालयातून संतापून परतलो आहे आणि त्याच संतापात हे लिहीत आहे.

माझी आई यमुनाबाई येवल्यात मागावर पैठण्या विणत असे. ती गेली तेव्हा मागावर अर्धाच राहिलेला पदर आम्ही गेल्या वर्षी या संग्रहालयाला दिला. आज काचेखालची पाटी वाचली : ‘यमुनाबाईनी नेसलेली पैठणी. विणकर अज्ञात.’

‘बाईंनी’वरचा अनुस्वार गाळलेला होता. आयुष्यात प्रथमच मी तो सोडून दिला. ‘नेसलेली’ मात्र सोडवेना.

व्यवस्थापकांना म्हणालो, “अहो, अर्धा पदर कोणी नेसते का? तो तिने विणला आहे!”

“काका, एका शब्दाने काय बिघडतं? पैठणी तीच आहे ना? आणि आता पाटी लॅमिनेट झालीये.”

आयुष्यभर पैठण्या विणणाऱ्या माझ्या आईला स्वतःसाठी एकही परवडली नाही. यांनी तिला ती फुकट नेसवली आणि तिचे काम अज्ञाताच्या नावावर केले!

रविवारी तिथे जाल, तर तिकीट खिडकीवर एवढेच विचारा : “ही विणली कोणी?” उत्तर ‘अज्ञात’ असे आले, तर ‘यमुनाबाईंनी’ असे सांगा आणि ते अनुस्वारासह लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जाल ना?